पत्र्याखालचा ऐब

जुनी मोटार दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सोपा. जिथे पत्रा सडलेला दिसेल तिथे ठिगळ मारायचे, खड्ड्यात लांबी भरायची, पाण्याच्या कागदाने घासायचे आणि वर रंगाचा हात द्यायचा. आठ-दहा दिवसांत गाडी आरशासारखी चमकते. दुसरा मार्ग लांबचा आणि कष्टाचा. त्यात गाडीची वरची बॉडी खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, ज्याला गॅरेजात चासी म्हणतात, संपूर्ण सोडवायची आणि उचलून बाजूला ठेवायची. मग चासी उघडी पडते आणि तिच्यावर आजवर काय काय गुदरले ते सगळे दिसते.

हे दुसऱ्या मार्गाचे काम हौशी माणसे घरच्या अंगणात, पडवीत, पत्र्याच्या शेडखाली करताना आम्ही पाहिली आहेत. या लेखात आम्हाला त्या हौसेविषयी थोडे आणि तिच्यातून उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी जास्त बोलायचे आहे. प्रश्न असा की, झाकलेला दोष माणसाने उघडा करावा की झाकलेलाच राहू द्यावा? उघडा करायचा तर कोणासमोर? आणि एकदा उघडल्यावर उघडणाऱ्याच्या डोक्यावर कोणती जबाबदारी येते? वरवर पाहता हा गॅरेजचा प्रश्न आहे. पण आम्हाला तो मुसलमान समाजाच्या अगदी घरातला प्रश्न वाटतो, आणि तो तसा का वाटतो हे सांगण्यासाठी आधी मोटारीविषयी बोलणे भाग आहे.

प्रत्येक मोटारीची बॉडी अशी उचलता येत नाही. ज्या अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांना वेगळी चासीच नव्हती. तिथे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. भार तीच पेलते आणि धक्केही तीच खाते. तिच्यातून सांगाडा वेगळा काढायचा म्हटले तर गाडीचे तुकडेच करावे लागतील. याच रस्त्यांवर त्यांच्या सोबतीने फिरलेली स्टँडर्ड हेराल्ड मात्र वेगळ्या घडणीची होती.

हेराल्ड मूळची इंग्लंडची. तिथे ती ट्रायंफ हेराल्ड या नावाने 1959 साली बाजारात आली. तिचे रूप इटलीतल्या तुरीन शहराच्या मिकेलोत्ती या आरेखकाने घडवले. त्या काळात बहुतेक कारखाने वेगळी चासी सोडून एकसंध बॉडीकडे वळले होते. हेराल्डच्या कारखान्याला ते जमले नाही, कारण त्याला बॉडी पुरवणारी कंपनी 1953 साली एका प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली होती. मोठी एकसंध बॉडी कोण दाबून देणार? तेव्हा बॉडी लहान लहान भागांत घडवायची, ते भाग बोल्टांनी जोडायचे आणि खाली वेगळी चासी द्यायची, असा तोडगा निघाला. अडचणीतून निघालेल्या या तोडग्याचा एक फायदा झाला. गाडी सुट्या भागांत दूरदेशी पाठवून तिथे जोडणे सोपे झाले. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने 1961 पासून ती आपल्याकडे बनवायला घेतली. पुढे खास आपल्या देशासाठी चार दारांची हेराल्डही निघाली. म्हणूनच आज ज्या हौशी माणसाकडे हेराल्ड आहे, त्याला घरच्या घरी बॉडी आणि चासी वेगळी करता येते.

हे काम होते कसे? आधी बॅटरी सोडवतात, टाकीतले पेट्रोल काढून घेतात, रेडिएटरचे पाणी सोडतात. हेराल्डचे बॉनेट पुढच्या दोन्ही मडगार्डांसह एकच मोठा तुकडा असते आणि ते पुढच्या बाजूला उलथते. ते बिजागरीतून काढून भिंतीला उभे करतात. मग सीटा, बंपर, कार्पेट. त्यानंतर खरे नाजूक काम. वरच्या बॉडीला खालच्या चासीशी बांधणारे जे जे काही आहे ते एकेक करून सोडवायचे असते. स्टिअरिंगचा दांडा, गिअरची काठी, हँडब्रेकची केबल, ब्रेक आणि क्लचच्या तेलाच्या नळ्या, पेट्रोलची नळी, अॅक्सिलरेटरचा दुवा, स्पीडोमीटरची केबल, वायरिंगचे जुडगे. प्रत्येक जोडावर चिठ्ठी बांधतात, फोटो काढतात, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून पिशवीवर नाव लिहितात. ज्याने हे केले नाही, त्याला चार महिन्यांनी मूठभर बोल्ट हातात घेऊन आकाशाकडे पाहावे लागते.

उचलण्याआधी आणखी एक गोष्ट करावी लागते आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत अर्थपूर्ण आहे. दारांच्या मोकळ्या चौकटींत आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकून बॉडीला आतून आधार द्यावा लागतो. इतकी वर्षे बॉडी चासीच्या भरवशावर सरळ उभी असते. चासी काढली की ती वाकू शकते, आणि एकदा वाकली की दारे पुन्हा बसत नाहीत. सांगाड्यापासून वेगळे होण्याआधी वरच्या आकाराला तात्पुरता सांगाडा द्यावा लागतो तो यासाठी. मग शेवटचे बोल्ट निघतात आणि चार-सहा माणसे चारी बाजूंनी हात लावून बॉडी उचलतात. ती लाकडी ठोकळ्यांवर नाहीतर घोड्यांवर ठेवली जाते. खाली चासी उरते. मधोमध दोन मुख्य तुळया आणि त्यांतून दोन्ही अंगांना निघालेले लोखंडाचे हात. इंजिन आणि चाके तिच्यावरच असतात.

आता दिसू लागते ते जे चाळीस-पन्नास वर्षे कोणाला दिसले नव्हते. गंज वरून कधीच पूर्ण दिसत नाही. चिखल आणि ओल जिथे साचून राहते तिथे, दोन पत्र्यांच्या मध्ये, पोकळ तुळईच्या आत तो वाढत असतो. चासीचे बाहेरचे हात बोटाने दाबले तर पोपडे पडतात. कुठे तेलाचा डबा कापून, सपाट करून ठिगळ मारलेले असते. कुठे भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वर लांबी भरलेली असते आणि लांबीवर काळा रंग. कुठे तुटलेल्या तुळईला दुसरी पट्टी लावून असे वेल्डिंग केलेले असते की त्या अनाम मिस्त्रीच्या हाताचे चुंबन घ्यावेसे वाटते. थोडक्यात, बॉडी उचलली की आधीच्या सगळ्या हातांचा जमाखर्च समोर येतो.

अशा वेळी पहिला मोह निंदेचा होतो. कोणी हे पाप केले, कोणी मालकाला फसवले, असे आपण सहज बोलून जातो. पण थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या काळात हे ठिगळ मारले गेले त्या काळात सुटा भाग मिळणे मुश्कील होते. पुढे तर हेराल्ड निघणेच बंद झाले. मालकाला सोमवारी कामावर जायचे होते, खिशात पैसे बेताचे होते आणि मिस्त्रीने हाताशी होते त्यात गाडी चालती करून दिली. 'तात्पुरते आहे, पुढे चासी उघडावी लागेल' असे त्याने सांगितलेही असेल. मग ते ठिगळ ही मदत होती. पण तेच ठिगळ लपवून, वर चकचकीत रंग मारून गाडी 'एकदम कंडिशनमध्ये' म्हणून दुसऱ्याला विकली गेली असेल, तर ती फसवणूक झाली. लोखंड तेच, लांबी तीच, हातसुद्धा कदाचित तोच. एक नेकी आणि दुसरी बदी. फरक कुठे पडला?

आपल्या दीनी परंपरेत या बाबतीत दोन आज्ञा शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरोधात जातात. पहिली आज्ञा परदापोशीची. अल्लाहला आपण सत्तार म्हणतो, म्हणजे झाकणारा. जो आपल्या भावाचा ऐब झाकील त्याचा ऐब अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशा आशयाची हदीस आपल्याकडे लहानपणापासून सांगितली जाते. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याचे दोष हुडकीत फिरण्याला आणि त्याच्या पाठीमागे वाईट बोलण्याला सक्त मनाई आहे. दुसरी आज्ञा बाजारातली. पैगंबर (स.) एकदा धान्याच्या राशीजवळून जात असताना त्यांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर पैगंबरांनी त्याला विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. याच पायावर फिक्हच्या विद्वानांनी खरीददाराचा एक हक्क मान्य केला. त्याला खियार-उल-ऐब म्हणतात. मालात लपलेला दोष निघाला तर सौदा मोडून माल परत करण्याचा तो हक्क. हजरत इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले, तेव्हा इमामसाहेबांनी त्या सौद्याची सगळी रक्कम खैरात करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

एकीकडे झाक, दुसरीकडे उघड. यांतून वाट काढायची कशी? काही लोक म्हणतील, सोपे आहे, माणसाचा दोष झाकावा आणि वस्तूचा उघडावा. पण इतके सोपे ते नाही. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये निंदेचा विचार करताना काही प्रसंग असे सांगितले आहेत की जिथे माणसाचाही दोष बोलून दाखवणे गैर नाही. जुलमाची दाद मागताना आणि फतवा विचारताना ती मोकळीक आहे. कोणाला नुकसानापासून सावध करण्यासाठीही आहे. लग्नासाठी एखाद्या स्थळाची चौकशी करायला कोणी आला आणि त्या माणसात काय खोट आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असले, तर तिथे गप्प बसणे ही परदापोशी नव्हे. एका मुलीचे आयुष्य त्या घरी जाणार आहे.

आणखी मोठे उदाहरण हदीसशास्त्राचे आहे. पैगंबरांचे वचन कोणाकडून कोणाकडे आले त्या नावांच्या साखळीला इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस भरवशाचा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो वाढवून सांगत असे का, याची तपासणी करणारे एक शास्त्रच उभे राहिले. त्याचे नाव जर्ह व तादील. त्यात मोठमोठ्या परहेजगार माणसांविषयीही 'स्मरणाने कच्चा' असे शेरे लिहून ठेवले आहेत. ही निंदा नाही का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मुहद्दिसांनी त्याचे उत्तर दिले की ही निंदा नसून जबाबदारी आहे, कारण जे वचन पुढच्या पिढ्यांकडे जायचे आहे ते ज्या हातांतून आले ते हात तपासलेच पाहिजेत.

ही सगळी उदाहरणे एकत्र ठेवली की आम्हाला एक कसोटी सापडते. दोष माणसाचा आहे की वस्तूचा, यावर ती अवलंबून नाही. तो दोष दुसऱ्याच्या हाती जाणार आहे का, हे तिथे पाहायचे. जो दोष माणसापाशीच राहतो आणि त्याच्याबरोबर संपतो, तो झाकावा. जो सौद्याने, लग्नाने, वारशाने किंवा शिकवणीने पुढच्या माणसाच्या पदरात पडणार आहे, तो त्याला पदर पसरण्याआधी सांगितला पाहिजे. मिस्त्रीचे ठिगळ मालकाच्या माहितीने मालकाच्याच गाडीत राहिले तोवर ती मदत होती. गाडी विकली गेली आणि ठिगळ न सांगता पुढे गेले, तेव्हा ती फसवणूक झाली. फरक पडला तो हस्तांतराच्या क्षणी.

इथे विक्रेत्याची एक नेहमीची पळवाट आडवी येते. जुन्या गाड्यांच्या बाजारात म्हणतात, 'जशी आहे तशी घ्या, नंतर तक्रार नको.' फकीहांमध्ये यावर मतभेद आहेत. हनफी मताने विक्रेता सर्व दोषांची जबाबदारी आधीच नाकारू शकतो. इतर काही फकीहांच्या मते ही सवलत त्याला ठाऊक नसलेल्या दोषापुरतीच आहे. ठाऊक असलेला दोष अशा मोघम वाक्याखाली लपवता येत नाही. कायदेशीर बाजू काहीही असो, ज्याने बॉडी उचलून स्वतःच्या डोळ्यांनी चासी पाहिली, त्याला 'जशी आहे तशी' म्हणण्याचा नैतिक अधिकार उरत नाही असे आम्हाला वाटते. कशी आहे ते त्याला माहीत झाले आहे. ज्याने कधी उघडून पाहिलेच नाही त्याच्यापेक्षा त्याची जबाबदारी मोठी आहे. कदाचित म्हणूनच पुष्कळ लोक उघडून पाहायला घाबरतात.

उघडल्यावर दुसरा एक जुना प्रश्न समोर येतो. चासीचे सडलेले हात कापून नवे लावले, तळाचा पत्रा बदलला, वायरिंग नवे घातले. आता ही गाडी तीच राहिली का? राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात हाच प्रश्न रथाच्या निमित्ताने येतो. राजा रथातून आला हे ऐकून नागसेन त्याला विचारतो, की दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची गोष्ट आहे, त्याची फळी न् फळी बदलली गेली तरी लोक त्याला तेच जहाज म्हणत. आपल्याकडे गजालींनी 'तहाफुत-उल-फलासिफा'च्या शेवटच्या चर्चेत माणसाच्या बाबतीत हा विचार केला आहे. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत शरीर अन्नाने सतत बदलत असते, तरी माणूस तोच राहतो. मग कयामतच्या दिवशी रूह परत देहात येईल तेव्हा तो देह त्याच मातीचा असो वा दुसऱ्या, माणूस तोच असण्याला बाधा येत नाही, असा त्यांचा रोख आहे.

पण मोटारीला रूह नाही. तिच्या बाबतीत सरकारने आपल्या परीने उत्तर दिले आहे. मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची गाडी तिच्या मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट त्यात आहे. अशा गाडीला व्ही-ए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षे. अट ठीकच आहे. पण ज्याने सडलेला भाग कापून त्याच मापाचा, त्याच आकाराचा नवा भाग लावला त्याने फेरफार केला, की जे होते ते राखले? आणि ज्याने गंज तसाच ठेवून वर रंग मारला, त्याची गाडी 'मूळ रूपात' आहे असे म्हणावे का? या प्रश्नांचे उत्तर केवळ चासी नंबरात सापडत नाही.

आम्हाला वाटते, वारशाने हातोहात येणाऱ्या वस्तूचे 'तेच असणे' तिच्या इस्नादमध्ये असते. कोणी काय बदलले, केव्हा बदलले, का बदलले, हे जोवर खरे सांगितले जाते तोवर अर्धे लोखंड नवे असले तरी गाडी तीच. ज्या दिवशी कोणी नवे लोखंड मूळचे म्हणून खपवतो, त्या दिवशी सगळे लोखंड जुने असले तरी तिची साखळी तुटते. रूह नसलेल्या वस्तूला आपण एवढेच देऊ शकतो, तिच्याविषयी खरी साक्ष.

आता ज्या कारणाने हा विषय आम्हाला इतका जवळचा वाटतो त्याकडे वळू. आपण सारे एका फार मोठ्या वारशाचे धनी आहोत. त्यात ईमान आहे, इबादत आहे, न्यायाची आणि समतेची शिकवण आहे. त्याच वारशात शतकानुशतकांची ठिगळेही आहेत. काही त्या त्या काळाच्या गरजेने मारलेली, काही कोणाच्या तरी सोयीसाठी. समाजात या बाबतीत दोन पक्ष पडतात, आणि मोटारीच्या भाषेत बोलायचे तर वाद असा आहे की आपली परंपरा अॅम्बॅसेडर आहे की हेराल्ड. एक पक्ष म्हणतो, इथे बॉडी आणि सांगाडा एकच आहेत. एका रिवाजाला हात लावाल तर सगळी इमारत खाली येईल. दुसरा पक्ष म्हणतो, दीनची चासी वेगळी आणि रिवाजाचा पत्रा वेगळा. बोल्ट काढून पाहता येते, सडलेले बदलता येते आणि परत बसवता येते.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाकसारखे प्रकार बंद व्हावेत ही त्यांची मागणी होती. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्या वेळी समाजातून जो विरोध झाला त्यातला सगळाच विरोध तलाकच्या बाजूने नव्हता. पुष्कळ भल्या माणसांचे म्हणणे असे होते, की आपले ऐब चव्हाट्यावर का मांडता? आधीच लोक आपल्याकडे संशयाने पाहतात. घरातले घरात ठेवा. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यामागे परदापोशीची संस्कृती होती आणि अल्पसंख्य म्हणून जगण्याची खरी भीतीही होती. उघड्या पडलेल्या चासीकडे बोट दाखवून हसणारे शेजारी सगळीकडे असतात, आणि त्यांना गाडी दुरुस्त होण्यात रस नसतो.

तरीही वर सांगितलेली कसोटी इथे लावून पाहावी. एका झटक्यात उच्चारलेला तलाक हा एखाद्या माणसाचा खाजगी दोष होता का, जो त्याच्याबरोबर संपला असता? तसे नव्हते. तो रिवाज म्हणून पुढे दिला जात होता. ज्या मुलीचा निकाह लागत होता तिच्या पदरात तो न सांगता पडत होता. ज्या सौद्यातले ओले धान्य तळाशी होते, त्याची खरीददार आपलीच मुलगी होती. पुढे 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला. मोर्चापासून निकालापर्यंत एकावन्न वर्षे गेली. 2019 मध्ये अशा तलाकला गुन्हा ठरवणारा कायदा आला. त्यात नवऱ्याला तुरुंगात पाठवण्याच्या तरतुदीविषयी समाजात मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पण जे काम आपण स्वतः आपल्या अंगणात, आपल्या माणसांच्या हातांनी, आधाराच्या पट्ट्या ठोकून करायला हवे होते ते शेवटी कोर्टाच्या आवारात झाले, ही गोष्ट खरी. उघडायला फार उशीर केला की उघडणारे हात आपले राहत नाहीत.

हे उघडणाऱ्याच्या बाजूने झाले. उघडणाऱ्यालाही आम्हाला काही विचारायचे आहे. गावोगावी, शेडमध्ये, आवारात अशा किती गाड्या दिसतात की ज्यांची बॉडी मोठ्या उत्साहाने उचलली गेली आणि परत बसलीच नाही. बॉडी एकीकडे पावसात, चासी दुसरीकडे गवतात. बोल्टांच्या पिशव्या फाटल्या, चिठ्ठ्यांवरची शाई उडाली, हौस आटली. झाकलेल्या गंजाने त्या गाडीला आणखी वीस वर्षे जगू दिले असते. उघड्यावर तिने तीन पावसाळे काढले नाहीत आणि शेवटी भंगारवाल्याने तिचे वजन केले. दोष दाखवणे हे अर्धे काम आहे. ज्याला परत बसवायचे नाही, त्याने बोल्टाला पाना लावू नये. परंपरेची चिकित्सा करणाऱ्यांतही दोन जाती दिसतात. एक जण आधी आधाराच्या पट्ट्या ठोकतो, माप घेतो, कोणता तुकडा कुठला ते लिहून ठेवतो, कारण गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ही त्याची नियत असते. दुसऱ्याला उघडी चासी दाखवून टाळ्या मिळवायच्या असतात. दोघांच्या हातातला पाना सारखाच दिसतो. पाहणाऱ्याला ते पुढच्या महिन्यांत कळते, कोण अंगणात राहिला आणि कोण निघून गेला त्यावरून.

परत बसवण्याचे काम उचलण्यापेक्षा अवघड असते. चासी आणि बॉडीच्या मध्ये ज्या ज्या ठिकाणी बोल्ट येतात तिथे पातळ चकत्या असतात. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. दारांच्या फटी सारख्या येईपर्यंत त्या कमीजास्त कराव्या लागतात. सगळे बोल्ट आधी सैल लावतात, दारे उघडून-मिटून पाहतात आणि मग थोडे थोडे करून आवळतात. एक बोल्ट आधीच गच्च आवळला तर समोरच्या कोपऱ्यात दार अडते. यात घाई चालत नाही. ज्यांना समाज बदलायचा आहे त्यांनी हे काम एकदा जवळून पाहावे असे आम्हाला वाटते. बदल मान्य झाला म्हणजे दारे आपोआप मिटू लागत नाहीत. कायदा झाला तरी तलाकशुदा बाईला भाड्याने खोली मिळत नाही, मेहेरची रक्कम कागदावरच राहते, भाऊ तिला वारशातला वाटा देताना अडखळतो. या सगळ्या फटी एकेक चकती सरकवून जुळवाव्या लागतात.

राहता राहिली नोंदवही. चांगली माणसे बॉडी उचलून केलेल्या कामाची एक वही ठेवतात. तिच्यात लिहिलेले असते की डावीकडचा मागचा हात नवा आहे, उजवीकडचा मूळचा आहे, पण आतून गंज धरू लागला आहे, चार वर्षांनी पाहावा. तळाचा पत्रा एवढ्या जाडीचा लावला. अमुक ठिकाणी जुन्या मिस्त्रीचे वेल्डिंग इतके पक्के होते की ते तसेच ठेवले. ही वही लिहिताना आधीच्या कोणाचे नाव खराब करावे लागत नाही. ठिगळ कोणी मारले हे लिहिण्याची गरज नसते, कुठे आहे हे लिहिणे पुरते. माणसाचा ऐब झाकला जातो आणि वस्तूचा सांगितला जातो. ज्या दोन आज्ञा विरोधी वाटत होत्या त्या तिथे एकाच पानावर पाळल्या जातात.

गाडी विकायची वेळ आली, किंवा मुलाबाळांच्या नावावर करायची वेळ आली, म्हणजे चावीबरोबर ती वहीही द्यावी. घेणारा कदाचित किंमत थोडी कमी करील. पण कोणता हात किती भार पेलेल हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल, आणि चार वर्षांनी उजवीकडचा हात कोणी तरी उघडून पाहील.